डावा हात आणि स्वभावाचा निवाडा

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या मराठी गावांत, म्हणजे भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांत, एखादे मूल डाव्या हाताने पाटीवर पहिली रेघ ओढू लागले की घरातील व शाळेतील वडीलधारी मंडळी दोन गोष्टी तात्काळ करतात. पहिली ही की, त्याच्या हातातील पेन्सिल काढून ती उजव्या हातात देतात. दुसरी ही की, त्याच्या स्वभावाचे भाकीत करतात. कोणी म्हणतो, पोर हट्टी निघणार. कोणी म्हणतो, तापट होणार. आणि शहरात चार पुस्तके वाचून आलेला एखादा मामा म्हणतो, छे, हा तर कलावंत होणार! पहिल्या कृत्याविषयी अलीकडे थोडीबहुत नापसंती व्यक्त होऊ लागली आहे. दुसऱ्याविषयी मात्र कोणी ब्र काढीत नाही. ती एक निरुपद्रवी करमणूक समजली जाते. माझे म्हणणे असे की, या करमणुकीतच त्या जुलमाचे मूळ आहे. हातावरून स्वभाव ओळखता येतो ही समजूत आपण जोवर सोडीत नाही, तोवर मुलाच्या हातातील पेन्सिल हिसकावून घेणे आपल्याला योग्यच वाटत राहणार. आणि ही समजूत तर, ती निंदेच्या रूपात असो वा स्तुतीच्या, सर्वस्वी निराधार आहे.

प्रथम ही समजूत येते कोठून ते पाहू. ती अनुभवातून आली असे सांगितले जाते, परंतु अनुभवाच्या आधी ती भाषेतून येते. मराठीतील ‘उजवा’ हा शब्द ‘ऋजु’ म्हणजे सरळ या शब्दापासून आला आहे. तेव्हा जो उजवा नाही तो वाकडा, हा निकाल व्युत्पत्तीनेच देऊन टाकला. एखाद्याला बाजूला सारावयाचे म्हणजे ‘डावलावयाचे’, पंक्तीत पक्षपात करावयाचा म्हणजे ‘डावे-उजवे’ करावयाचे. कोकणी बांधवांचे ‘दावो’ आणि ‘उजवो’ हे याच कुळातले. आमच्या शेजारच्या कन्नडात ‘बल’ म्हणजे उजवे, आणि ‘बल’ म्हणजे सामर्थ्यही. डाव्याला तेथे ‘एड’ म्हणतात, आणि फजितीच्या प्रकाराला ‘एडवट्टु’. लॅटिन भाषेत डाव्याला जो शब्द होता त्याचाच इंग्रजीत अर्थ अशुभ, कपटी असा झाला. संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा आणि कुशलही, त्याच्यापासून ‘दाक्षिण्य’. पण संस्कृताची साक्ष एकतर्फी नाही. ‘वाम’ म्हणजे प्रतिकूल, हे खरे. परंतु ‘वाम’ म्हणजे सुंदर, हेही तितकेच खरे, आणि म्हणूनच आपल्या कवींची नायिका ‘वामलोचना’ असते. एकच शब्द एकाच तोंडाने निंदा आणि स्तुती करीत असेल, तर अशा साक्षीदारावर कोणते न्यायालय विसंबेल?

शब्दांचा हा खेळ कोशापुरता राहिला असता तर मी लेखणी उचलली नसती. आमच्या कर्नाटकात त्याने माणसांची वाटणी केली आहे. दक्षिणेत अकराव्या शतकातील चोळकालीन शिलालेखांपासून ‘उजव्या हाताचे’ म्हणून ओळखले जाणारे गट आढळतात. पुढे अनेक जाती डाव्या व उजव्या अशा दोन फळ्यांत विभागल्या गेल्या, आणि कोणी कोणत्या रस्त्याने मिरवणूक न्यावी यावरून १७०७ साली मद्रासेत या फळ्यांचे दंगे झाले. आजही कर्नाटकात अनुसूचित जातींतील दोन मोठ्या समूहांना ‘एडगै’ आणि ‘बलगै’, म्हणजे डावा हात आणि उजवा हात, असेच म्हणतात. अंतर्गत आरक्षणाच्या प्रश्नावर न्यायमूर्ती सदाशिव आयोग २००५ साली नेमला गेला व त्याने २०१२ साली अहवाल दिला. न्यायमूर्ती नागमोहन दास आयोगाचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. आणि त्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने सतरा टक्के जागांची ६, ६ व ५ अशी वाटणी ठरविली, त्यातील पहिला वाटा डाव्या हाताच्या समूहाचा, दुसरा उजव्याचा. ‘डाव्या हाताच्या’ समाजात डावखुरे अधिक जन्मतात असे कोणी म्हणत नाही. या नावाचा हाताच्या वापराशी काडीइतका संबंध नाही. हाताच्या नावाने केवळ पायरी ठरली, आणि पायरी ठरल्यावर त्या पायरीवरील माणसांचा स्वभावही लोकांनी ठरवून टाकला. शासन आज ते नाव वापरते ते मागील अन्यायाचा हिशेब करण्यापुरते. आपण मात्र घरातल्या पाच वर्षांच्या पोरावर तोच प्रयोग करतो, आणि त्याला संस्कार म्हणतो.

कोणी म्हणेल, डाव्याचे अशुभत्व ही आपल्या धर्माची व परंपरेची शिकवण आहे. या मातीचीच साक्ष काढू. बाराव्या शतकात ज्या कल्याणात बसवेश्वरांनी जातिभेदाला आव्हान दिले ते बसवकल्याण आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यांचा अनुयायी लिंगायत उपासक इष्टलिंगाची पूजा करताना ते कोठे ठेवतो? डाव्या तळहातावर. उजवा हात पत्री-फुले वाहण्यासाठी मोकळा हवा, हे त्याचे व्यावहारिक कारण सांगता येईल, आणि ते मला मान्य आहे. पण जो हात जन्मतःच अपवित्र असेल त्याला देवाचे आसन करण्याची कल्पना तरी कोणाला सुचली असती काय? न्यायालयाच्या आवारातील दुसरी साक्ष घ्या. निरक्षर पक्षकार दस्तऐवजावर अंगठा उठवतो तो सामान्यतः डाव्या हाताचा. कारण काम करून उजव्याच्या रेषा झिजलेल्या असतात. ज्या हाताला आपण कपटी म्हणतो त्याच्याच ठशावर आपल्या जमिनी आणि घरे विकली व घेतली जातात. साक्षीदाराच्या शपथेचा जो मसुदा १९६९ च्या शपथ कायद्यात दिला आहे, त्यात तर कोणत्याच हाताचा उल्लेख नाही. कायद्याला सत्य बोलण्याशी कर्तव्य आहे.

तिसरी साक्ष आमच्या भागातील वृद्धांची. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारदरबारची भाषा उर्दू होती. त्यामुळे या पिढीतील पुष्कळांना डावीकडून उजवीकडे जाणारी मराठी व कन्नड आणि उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू अशा दोन्ही तऱ्हा ठाऊक होत्या. डावखुरा मुलगा मराठी लिहू लागला की त्याचाच तळहात ओल्या अक्षरांवरून फिरतो, शाई फासली जाते, आणि गुरुजी म्हणतात, पोर गबाळे आहे. तोच मुलगा उर्दू लिहू लागला की त्याचा हात कोऱ्या कागदावरून पुढे सरकतो आणि अक्षर स्वच्छ राहते. तेथे अडचण येते ती उजव्या हाताच्या मुलाला, आणि तो हात ओळीच्या खाली धरून ती निभावून नेतो. एका तासाला गबाळे ठरलेले मूल दुसऱ्या तासाला नीटनेटके ठरत असेल, तर तो गबाळेपणा मुलाच्या स्वभावात होता की लिपीच्या दिशेत, याचा विचार सुज्ञ वाचकांनीच करावा.

आता शास्त्राकडे वळू. कारण हल्ली शास्त्राचे नाव घेऊनही ही समजूत विकली जाते. इटलीचा सुप्रसिद्ध गुन्हेशास्त्रज्ञ लोंब्रोझो याने १९०३ साली एका अमेरिकन मासिकात लेख लिहून गुन्हेगारांत डावखुऱ्यांचे प्रमाण अधिक असते असे प्रतिपादन केले. देहाच्या खुणांवरून गुन्हेगार ओळखण्याची ही विद्या पुढे मोडीत निघाली. पण जन्मावरून स्वभाव आणि स्वभावावरून अपराध हा तिचा क्रम आपल्या देशाला अपरिचित नव्हता. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, आणि तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. लोकांच्या मनातून तो अद्याप पुसला गेलेला नाही, हे फौजदारी वकिली करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

पुढे १९९१ साली हाल्पर्न व कोरेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील मृतांच्या नोंदींवरून जाहीर केले की, उजव्या हाताची माणसे सरासरी ७५ व्या वर्षी मरतात तर डावखुरी ६६ व्या वर्षी. जगभर खळबळ उडाली. पण हा पुरावा उलटतपासणीत टिकला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शाळेत गेलेल्या डावखुऱ्यांना छडीच्या जोरावर उजवे केले गेले होते; म्हणून वृद्ध मृतांत डावखुरे कमी आढळले आणि तरुण मृतांत अधिक. म्हातारे डावखुरे आधीच मरून गेले होते असे नव्हे. शाळेने त्यांची गणना उजव्यांत करून ठेवली होती. आधी मारून हात बदलावयाचा, आणि मग त्या बदललेल्या आकड्यांवरून डावखुऱ्यांविरुद्ध निकाल द्यावयाचा, असा हा न्याय!

मग वस्तुस्थिती काय आहे? जगात सुमारे दहांत एक माणूस डावखुरा असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, वीस लाखांहून अधिक माणसांच्या माहितीचे संकलन करणाऱ्या अभ्यासात हे प्रमाण १०.६ टक्के आढळले. हा कल जन्मापूर्वीच दिसू लागतो. बेलफास्ट येथील हेपर यांनी गर्भावस्थेत अंगठा चोखणाऱ्या ७५ बालकांचा पुढे माग काढला. उजवा अंगठा चोखणारी साठही मुले उजव्या हाताची झाली, आणि डावा चोखणाऱ्या पंधरांपैकी दहा डावखुरी झाली. आनुवंशिकतेचा वाटा सुमारे चतुर्थांश मानला जातो, आणि तोही एखाद्या गुणसूत्राच्या एका खुणेत नसून अनेक खुणांत विखुरलेला आहे. आईच्या उदरात अंगठा निवडणाऱ्या जीवाने हट्ट कोणाशी केला, हे मला कोणी समजावून सांगावे. राहिला स्वभावाचा प्रश्न. न्यूझीलंडच्या ग्रिमशॉ आणि विल्सन यांनी २०१३ साली तो सरळ तपासला. बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, मनाची अस्थिरता, नावीन्याची आवड, या मानसशास्त्रातील पाचही प्रमुख गुणांत डावखुरे आणि उजवे यांत फरक आढळला नाही. आढळले ते इतकेच की, डावखुरा म्हणजे अबोल कलावंत ही समजूत दोन्ही गटांत सारखीच होती. डावखुऱ्यांनाही स्वतःविषयी तेच वाटत होते. लोक सतत जे म्हणतात ते माणूस अखेर स्वतःबद्दल खरे मानू लागतो, याहून अधिक स्पष्ट उदाहरण ते कोणते?

येथे डावखुऱ्यांच्या स्तुतिपाठकांशी माझा दुसरा वाद सुरू होतो. प्रतिवर्षी १३ ऑगस्टला डावखुऱ्यांचा दिवस साजरा होतो, आणि थोर डावखुऱ्यांच्या याद्या छापून येतात. याद्या करणे हा पुराव्याचा सर्वांत दुबळा प्रकार आहे. थोर उजव्यांची यादी कोणी करीत नाही, कारण ती संपणार नाही. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितात आणि उजव्या हाताने फलंदाजी करीत. सौरव गांगुली जात्या उजव्या हाताचे, पण डावखुरे फलंदाज म्हणून कीर्ती पावले. या दोघांचा स्वभाव विचारावयाचा तर कोणत्या हाताला? महात्मा गांधींनी १९०९ च्या नोव्हेंबरात ‘किल्डोनन कॅसल’ जहाजावर ‘हिंद स्वराज’ लिहिले, तेव्हा उजवा हात थकल्यावर सुमारे चाळीस पाने त्यांनी डाव्या हाताने लिहिली. ती पाने अधिक हट्टी आणि बाकीची अधिक सरळ आहेत, असे दाखवून देणारा टीकाकार अजून जन्मास यावयाचा आहे. स्तुती निंदेपेक्षा सौम्य असते म्हणून ती न्याय्य ठरत नाही. ज्या मुलाला चित्र काढता येत नाही त्या डावखुऱ्या मुलाच्या माथी कलावंतपण मारणे हाही त्याच्यावर दुसऱ्याची इच्छा लादण्याचाच प्रकार आहे.

परंतु, “आमचा अनुभव काय खोटा? डावखुरी मुले हट्टी असतात हे आम्ही डोळ्यांनी पाहतो,” असे म्हणणाऱ्या सद्गृहस्थांना उत्तर दिलेच पाहिजे. मी त्यांचे डोळे खोटे म्हणत नाही. त्यांच्या अनुमानात दोष आहे. ज्या मुलाच्या हातून दिवसातून दहा वेळा पेन्सिल काढून घेतली जाते, जेवताना ज्याच्या मनगटावर चापट बसते, परीक्षेच्या दालनात ज्याला उजवीकडे फळी जोडलेल्या खुर्चीवर अंग वळवून लिहावे लागते, सुगीत उजव्या हातासाठी घडविलेला विळा ज्याच्या हाती देऊन त्याच्या मंद गतीला हसले जाते, ते मूल चिडले किंवा अबोल झाले, तर तो हाताचा गुण कसा? उजव्या हाताच्या कोणत्याही मुलाला एक महिना डाव्या हाताने लिहावयास लावा, आणि त्याचा शांत स्वभाव किती दिवस टिकतो ते पाहा. हात बदलल्याने मूल तोतरे होते, असाही एक दावा केला जातो. तो निर्विवाद सिद्ध झालेला नसल्यामुळे मी त्याचा आधार घेत नाही. मुलाचा अपमान होतो, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

मुलीच्या बाबतीत हे प्रकरण शाळेशी संपत नाही. मुलगी डाव्या हाताने भाकरी थापते, उलथने डाव्या हाताने धरते, एवढ्यावरून ती सासरी वरचढ होणार असा अर्थ काढून स्थळे मागे फिरल्याच्या हकिकती माझ्या कचेरीत मी ऐकल्या आहेत. पत्नीला वामांगी म्हणून डावीकडे बसविणारा आणि अर्धनारीनटेश्वराच्या डाव्या अर्धांगाला पार्वती मानणारा समाज घरात येणाऱ्या सुनेच्या डाव्या हाताला भितो, ही विसंगती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यापायी एका निरपराध मुलीचे आयुष्य खोळंबते.

एक आक्षेप मात्र मी आदराने ऐकतो. आपल्याकडे शौचासाठी डावा हात आणि अन्नासाठी उजवा ही वाटणी, पाण्याच्या दुर्भिक्ष्याच्या मुलखात, आरोग्याच्या दृष्टीने शहाणपणाची होती. आणि प्रसाद, विडा, हळदकुंकू उजव्या हाताने देणे हा शिष्टाचार आहे. कोणी डावखुऱ्या मुलाला पंक्तीत उजव्या हाताने वाढावयास प्रेमाने शिकविले, तर माझी हरकत नाही. शिष्टाचार शिकता येतो. पाहुण्यापुढे चप्पल काढावी हे आपण शिकवतोच, पण चप्पल काढण्यास विसरलेल्या मुलाच्या पायावरून त्याचे चारित्र्य ठरवीत नाही. शिवाय अन्नाचा हा नियम लेखणीला, कात्रीला, विळ्याला लागू करण्याचे कारण काय? बीदरचा कारागीर बिदरीच्या काळ्या भांड्यावर नक्षी कोरतो तेव्हा एका हातात छिन्नी आणि दुसऱ्यात हातोडी असते. त्यातला एक हात शुभ आणि दुसरा अशुभ मानला असता तर ती नक्षी कधी उमटलीच नसती.

आता कायद्याचे दोन शब्द. फौजदारी खटल्यात आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य हा संबद्ध पुरावा होत नाही. आपण सच्छील आहोत असा पुरावा त्याने स्वतः पुढे केला, तरच त्याच्या उत्तरादाखल तो येऊ शकतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ५४ व्या कलमातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही कायम ठेवले आहे. म्हणजे सिद्ध झालेल्या दुर्लौकिकावरूनही कृत्याचे अनुमान करण्यास कायदा सामान्यतः मनाई करतो. मग जेथे दुर्लौकिकच हातावरून कल्पिलेला आहे, तेथे एका बालकाला शिक्षा कोणत्या आधारावर? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. बोटांवर पट्टी मारणे ही पहिली गोष्ट होय. सर्व वर्गासमोर ‘डावऱ्या’ म्हणून हाक मारणे ही, माझ्या मते, दुसरी.

म्हणून या दोन जिल्ह्यांतील शिक्षकांपाशी, मग ती शाळा मराठी असो, कन्नड असो वा उर्दू, माझी मागणी स्पष्ट आहे. पहिल्या इयत्तेत मूल ज्या हाताने पाटी घेते तो हात बदलू नये. त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे त्याचे कोपर शेजाऱ्याला लागणार नाही. वही थोडी उजवीकडे कलती ठेवण्यास शिकवावे, म्हणजे शाई फासणार नाही. परीक्षेच्या दालनात डाव्या फळीच्या चार खुर्च्या असाव्यात. याला खर्च जवळजवळ नाही. पालकांपाशी मागणी याहून सोपी आणि कदाचित याहून कठीण आहे: मुलाचा हात पाहून त्याच्या स्वभावाविषयी एकही वाक्य, वाईट किंवा चांगले, त्याच्या देखत उच्चारू नये. आणि जे वधूपरीक्षेला जातात त्यांनी मुलीला काय येते ते विचारावे. ती कोणत्या हाताने करते ते विचारू नये. एवढे केले, तर पुढच्या पिढीतील डावखुऱ्यांचा खरा स्वभाव काय आहे हे आपल्याला प्रथमच पाहावयास मिळेल, आणि तो इतरांसारखाच नाना प्रकारचा असेल.